लहान मुलांना घेऊन एका दिवसात पुण्याच्या पेठा : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

आम्ही मूळचे नाशिकचे. नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि पहिल्याच महिन्यात मुलांना ‘पुणे दाखवायला’ बाहेर पडलो. तेव्हा थोरली सात वर्षांची होती आणि धाकटा तीन वर्षांचा. सकाळी आगाखान पॅलेस, मग शनिवारवाडा, जेवण, केळकर संग्रहालय, पर्वती आणि वेळ उरला तर सिंहगड, असा बेत मी मोठ्या हौसेने कागदावर मांडला होता. प्रत्यक्षात धाकट्याने शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात बसकण मारली, थोरलीचे उन्हाने डोके दुखू लागले आणि दुपारी दोन वाजता आम्ही चौघे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून उशीर कोणामुळे झाला यावर वाद घालत होतो. पर्वती त्या दिवशी लांबूनच दिसली.

त्यानंतर गावाकडून पाहुणे आले की हीच फेरी मी अनेकदा केली, दर वेळी सोबत कोणाची ना कोणाची लहान मुले होती, आणि हळूहळू एक मार्ग बसत गेला. हा मार्ग शनिवारवाड्यापासून सारसबागेपर्यंतचा, म्हणजे जेमतेम अडीच किलोमीटरचा आहे. उत्तरेकडून निघायचे, दक्षिणेकडे सरकत राहायचे आणि कुठेही मागे वळायचे नाही, एवढेच त्याचे सूत्र. साधारण तीन ते दहा वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत.

१. दिवस निवडताना आधी दिनदर्शिका पाहा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. एप्रिल-मे महिन्यांत शनिवारवाड्यातले दगड दहा वाजताच तापतात आणि आत सावली फार थोडी आहे. पावसाळ्यात वाडा हिरवागार दिसतो, पण दगडी पायऱ्या निसरड्या होतात आणि तटावर मुलांना नेणे धोक्याचे ठरते.

वार शक्यतो मंगळवार, रविवार सोडून घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी संकष्टी चतुर्थी नाही ना, हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहून घ्यावे. आम्ही एकदा नेमके अंगारकीलाच गेलो होतो. दगडूशेठ गणपतीच्या परिसरात मुलांना खाली उतरवायलाही जागा नव्हती आणि अर्धा दिवस दोन्ही मुले आमच्या खांद्यांवरच गेली. गणेशोत्सवाचे दहा दिवस तर या मार्गासाठी नकोतच. उत्सव पाहायला अवश्य यावे, पण ते वेगळे काम आहे आणि त्याची तयारीही वेगळी असते.

२. आदल्या रात्री गोष्ट सांगून ठेवा

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते, पण माझ्या अनुभवात दिवस पार पडतो की फसतो हे बऱ्याच अंशी इथेच ठरते. पेठांतल्या ऐतिहासिक वास्तूंपैकी बऱ्याच आज अर्ध्या उरल्या आहेत किंवा नव्याने उभारलेल्या आहेत. मोठ्या माणसाला नुसत्या चौथऱ्यावरून वाड्याची कल्पना करता येते. लहान मुलाला तिथे फक्त दगड दिसतात. गोष्ट ठाऊक असेल तर त्याच दगडांत त्याला शोधण्यासारखे काहीतरी सापडते.

दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली लाल महालाची. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी लाल महालात शिरले. तिथे मुक्काम ठोकून बसलेला शायिस्ताखान खिडकीतून निसटला आणि त्याच्या हाताची बोटे तुटली. रमजानचा महिना होता, पहारा सुस्तावलेला होता, आणि ज्या घरात महाराजांचे बालपण गेले त्याचा कोपरा न् कोपरा त्यांना ठाऊक होता. हा शेवटचा तपशील मुलांना फार आवडतो, कारण लपाछपीत स्वतःच्या घरात आपणच जिंकतो हे त्यांना अनुभवाने माहीत असते.

दुसरी गोष्ट वाड्याच्या बांधकामाची. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवारच होते. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून. खर्च १६,११० रुपये झाला असे सांगितले जाते. आमच्या थोरलीने लगेच विचारले, “म्हणजे बाबांच्या फोनपेक्षा स्वस्त?” त्या काळच्या रुपयाचे मोल समजावताना माझी बरीच दमछाक झाली, पण दुसऱ्या दिवशी वाड्यात पाऊल टाकताना तिला तो आकडा तोंडपाठ होता.

एक धोक्याची सूचना : नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट आदल्या रात्री सांगू नका. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

३. सोबत काय घ्यावे

कागदपत्रे फार लागत नाहीत, पण पुढील गोष्टी हाताशी असाव्यात :

- मोठ्यांचे एखादे ओळखपत्र आणि मुलांच्या वयाचा पुरावा, म्हणजे आधार कार्ड किंवा शाळेचे ओळखपत्र. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात असून तिथे पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते.
- परदेशातून आलेले नातेवाईक सोबत असतील, तर त्यांचे मूळ पारपत्र. परदेशी नागरिकांसाठी तिकिटाचा दर बराच जास्त असतो. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) आहे त्यांना भारतीयांचा दर लागू होतो, पण त्यासाठी कार्ड जवळ असावे लागते. अमेरिकेहून आलेल्या माझ्या मावसभावाचे कार्ड घरी सुटकेसमध्ये राहिले होते आणि त्याला मुकाट्याने जास्तीचे पैसे भरावे लागले.
- थोडी सुटी रोख रक्कम. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे, पण ऐन वेळी नेटवर्क रुसते.
- पाण्याच्या दोन बाटल्या, टोप्या, मुलांच्या कपड्यांचा एक जास्तीचा जोड, ओले फडके आणि कोरडा खाऊ. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू किंवा केळी उत्तम. चॉकलेट उन्हात वितळते आणि मग ओले फडके त्यातच संपते.
- प्रत्येक मुलाच्या खिशात तुमचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी.

बाबागाडी घरीच ठेवा. पेठांतले पदपथ अरुंद आहेत, त्यावर दुचाक्या उभ्या असतात आणि दर चार पावलांवर बाबागाडी उचलून घ्यावी लागते. दोन वर्षांखालील मूल असेल तर पोटाशी बांधायची झोळी किंवा कॅरियर वापरावा. पायांत मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. साध्या चपला तटाच्या पायऱ्यांवर निसटतात.

४. पेठेत स्वतःची गाडी नेऊ नका

हा सल्ला सगळेच देतात आणि सगळेच मोडतात, मीही मोडला आहे. शनिवारवाड्याच्या आसपास चारचाकी लावायला जागा शोधण्यात आमची एकदा पाऊण तास शोधाशोध झाली आणि तेवढ्यात मुलांचा सकाळचा सगळा उत्साह गाडीतच संपला. शिवाय शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता हे इथले दोन्ही मुख्य रस्ते एकेरी असल्याने, चुकलेल्या एका वळणासाठी मोठा वळसा पडतो.

सप्टेंबर २०२४ अखेरीस जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि या फेरीचे गणितच सुटले. सकाळी कसबा पेठ स्थानकावर उतरावे आणि संध्याकाळी स्वारगेट स्थानकावरून परतावे. वनाज किंवा रामवाडी बाजूने येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी. तिथला भुयारी फलाट बराच खोल आहे आणि मुलांना सरकत्या जिन्यांचे भारी आकर्षण असते, म्हणून घड्याळात दहा मिनिटे जास्तीची धरून ठेवा. आमच्या धाकट्याच्या मते अख्ख्या दिवसातली सर्वांत प्रेक्षणीय वास्तू तीच होती.

पीएमपीएमएलची, म्हणजे शहर बससेवेची ‘पुणे दर्शन’ बस मोठ्या माणसांसाठी चांगली सोय आहे, परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन तिचे वेळापत्रक पाळणे कठीण जाते. ठरलेल्या वेळी चढावे-उतरावे लागते आणि मुलांची भूक, शी-शू आणि झोप यांपैकी काहीच ठरलेल्या वेळी येत नाही.

५. पहिला मुक्काम : शनिवारवाडा

सकाळी साडेआठ-नऊपर्यंत पोहोचा. तिकीट ऑनलाइन काढल्यास थोडे स्वस्त पडते आणि रांगही टळते.

आत शिरण्यापूर्वी दिल्ली दरवाज्यासमोर निदान दहा मिनिटे थांबा, कारण मुलांच्या दृष्टीने वाड्याचा सर्वांत मोठा ऐवज इथेच आहे. उत्तरेकडे तोंड केलेल्या या दरवाज्यातून अंबारीसह हत्ती जाऊ शकेल एवढी त्याची उंची आहे. त्याच्या फळ्यांवर पोलादी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. शत्रूच्या हत्तीने दरवाज्याला धडक देऊ नये म्हणून ते बरोबर त्याच्या कपाळाच्या उंचीवर बसवले आहेत. मुलांना खिळे मोजायला सांगा. एक ओळ किती, ओळी किती, मग गुणाकार. ज्यांना पाढे येत नाहीत त्यांनी बोटांनी मोजावेत आणि दर वेळी वेगळा आकडा सांगावा. उजव्या फळीत असलेला छोटा दिंडी दरवाजाही दाखवा. रोजची ये-जा त्यातूनच होई, आणि वाकून आत शिरणाऱ्याला तलवार उपसता येत नाही, हे मुलांना स्वतः वाकून पाहिल्यावर लगेच पटते.

आत गेल्यावर प्रत्येक मूल एकच प्रश्न विचारते : “वाडा कुठे आहे?” त्याचे उत्तर तयार ठेवा. समोर फक्त हिरवळ, झाडे आणि दगडी जोती दिसतात. वाड्याला अनेकदा आगी लागल्या आणि फेब्रुवारी १८२८ मधल्या मोठ्या आगीत लाकडी इमारती जळून गेल्या. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती एवढेच उरले. मी मुलांना सांगते की हा वाड्याचा नकाशा आहे, पण तो कागदावर नाही, जमिनीवर दगडांनी काढलेला आहे, आणि आपण त्याच्यावर चालतो आहोत. मग खोल्या ओळखण्याचा खेळ सुरू होतो. थोरलीने एका जोत्यावर स्वतःची खोली, दुसऱ्यावर आजीचे देवघर आणि कोपऱ्यात धाकट्यासाठी ‘शिक्षेची खोली’ ठरवून टाकली होती.

हजारी कारंजे शोधायला विसरू नका. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हे कारंजे बहुधा कोरडेच दिसते, पण पाकळ्यांची रचना मुलांना जवळून पाहता येते. दिल्ली दरवाज्याच्या आतल्या भिंतींवर जुन्या चित्रांच्या पुसट खुणा आहेत. गणपती ओळखता येतो का, ते मुलांनाच विचारा. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात.

दरवाज्याशेजारच्या जिन्याने वर नगारखान्यात आणि तटावर जाता येते. पायऱ्या दगडी आणि उंच आहेत, म्हणून एका मोठ्या माणसाने एकाच मुलाचा हात धरावा. तटाची फेरी पूर्ण करण्याचा हट्ट धरू नका. वरून समोरच्या पटांगणातला बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा दाखवा आणि उतरा.

आता सापळ्यांविषयी. शनिवारवाड्यातला सर्वांत मोठा सापळा म्हणजे ‘काका, मला वाचवा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा याच वाड्यात गारद्यांनी खून केला, हा इतिहास आहे. पौर्णिमेच्या रात्री त्यांची हाक ऐकू येते ही त्यावर चढलेली पुटे आहेत. तुम्ही सांगितले नाही तरी शेजारून जाणारा एखादा घोळका ती गोष्ट मोठ्या आवाजात, साभिनय सांगतोच. आमच्या थोरलीने ती तशीच ऐकली आणि पुढचे पंधरा दिवस रात्री न्हाणीघरात एकटी जाईना. तेव्हापासून मी असे काही कानावर आलेच तर ‘ध चा मा’ची गोष्ट पुढे करते. राघोबादादांच्या पत्रातल्या ‘धरावे’ या शब्दातला ध पुसून तिथे मा लिहिला आणि ‘मारावे’ झाले, असे परंपरेने सांगितले जाते. नुकतेच वाचायला शिकलेल्या मुलांचे लक्ष मग भुतावरून अक्षरांवर जाते. आमच्याकडे त्या दिवसापासून जेवणाच्या डब्यावर ‘धाकटा’चे ‘माकटा’ होऊ लागले, तो भाग वेगळा.

दुसरा सापळा बाहेरच्या पटांगणातला. फुगे, पिपाण्या आणि प्लॅस्टिकच्या तलवारी विकणारे तुमच्या मुलाकडे पाहतात, तुमच्याकडे नव्हे. ‘खेळणे एकच, आणि तेही तुळशीबागेत’ असा तह सकाळीच करून ठेवा.

वाड्यात एकूण सव्वा तास पुरेसा आहे. मुले रमली असतील तरीही दहा-सव्वादहाला निघा, कारण पुढचा भाग उन्हातला आहे.

६. लाल महाल आणि कसबा गणपती

दोन्ही ठिकाणे चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत. शहाजीराजांनी बांधलेला मूळ लाल महाल काळाच्या ओघात नष्ट झाला. आज उभी आहे ती महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली स्मारक-वास्तू, हे मुलांना आधीच सांगावे. “हीच का ती खिडकी?” या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये. जिजाऊ आणि बालशिवाजी सोन्याच्या नांगराने पुण्याची जमीन नांगरत आहेत हे शिल्प मात्र अवश्य दाखवा. आत प्रवेश बंद असेल तर बाहेरूनच गोष्टीची उजळणी करून पुढे निघावे.

कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला गणपती. मंदिर आटोपशीर आहे, दगडी फरशीवर मुलांना पाच मिनिटे बसता येते, पाणी पाजता येते. इथून पुढे चालताना दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन रस्त्यावरूनही होते. मुले सोबत असताना रांगेत उभे राहण्यापेक्षा मी तेच पसंत करते. समोरच, जिथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, त्या भिडेवाड्याची जागा आहे. जुनी इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. सोबत शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिथे दोन मिनिटे थांबावे.

७. तुळशीबाग : खरेदी कमी, भातुकली जास्त

संध्याकाळच्या तुळशीबागेत मुलांना नेणे म्हणजे गर्दीत त्यांना फक्त लोकांच्या पिशव्या दाखवणे. साडेअकराच्या सुमारास दुकाने नुकतीच उघडलेली असतात आणि बोळांतून चालता येते.

आधी आतल्या राम मंदिरात जा. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये या मंदिराचे काम सुरू केले, आणि बाजाराच्या गजबजाटातून एका कमानीखालून आत शिरल्यावर अचानक मोकळे, शांत अंगण लागते. मुलांना हे अंगण नीट दाखवा आणि सांगा : चुकामूक झाली तर इथेच यायचे. आम्ही हे न ठरवता गेलो होतो, तेव्हा थोरली पंधरा मिनिटे सापडत नव्हती. शेवटी ती एका भातुकलीच्या दुकानात सापडली. दुकानदारकाकांनी तिला स्टुलावर बसवून ठेवले होते आणि ती पितळी बंबाचे झाकण काढून आत निखारे कुठे घालतात ते त्यांना विचारत होती. माझ्या पायांत त्राण उरले नव्हते आणि तिला आपण हरवलो होतो याचा पत्ताच नव्हता.

ही भातुकली खरेच वेळ देऊन पाहण्यासारखी असते. तळहातावर मावणारे जाते, त्याचा खुंटा धरून पाळ फिरवता येते. बोटाच्या पेराएवढा पाटा-वरवंटा, कानांची परात, चूल, शेगडी, झाऱ्या-उलथन्यांचा संच. आजी सोबत असेल तर प्रत्येक वस्तूचे नाव आणि उपयोग तिलाच सांगू द्या. शिवाय या वस्तूंचे मोठे भाऊबंद दुपारी संग्रहालयात भेटणार आहेत, त्यामुळे इथली दहा मिनिटे तिथे कामी येतात. सकाळच्या तहानुसार खेळणे इथेच घ्यावे. अगदी लहान मुलांसाठी मात्र फार बारीक भांडी घेऊ नका, ती सरळ तोंडात जातात.

८. जेवण बारा-साडेबाराच्या आत

एक वाजल्यानंतर पेठांतल्या चांगल्या खानावळींत ताटकळावे लागते आणि भुकेलेल्या मुलाला ‘अजून दोनच नंबर’ हे कळत नाही. मिसळीचा मोह मोठ्यांनी आवरावा, किंवा एकच प्लेट मागवून वाटून घ्यावी. मुलांसाठी थालीपीठ-लोणी, साबुदाण्याची खिचडी, वरणभात किंवा साधा डोसा मागवावा. तिखट कमी करायला सांगितले तरी मी स्वतः आधी चाखून पाहते.

जेवणानंतर मस्तानी ही पुण्याची खास चीज मुलांना द्यावी : घट्ट दूध, फळाचा अर्क आणि वर आइस्क्रीमचा गोळा. एका ग्लासात दोन मुले निवांत भागतात. हातपाय धुणे आणि स्वच्छतागृह हे काम उपाहारगृहातच उरका. ‘मला नाही लागली’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका, सगळ्यांनाच पाठवा. रस्त्यावर ऐन वेळी चांगली सोय सापडेलच असे नाही.

९. भर दुपारी : राजा दिनकर केळकर संग्रहालय

ऊन चढलेले असताना छपराखाली राहायचे, म्हणून हा टप्पा दुपारसाठी राखून ठेवला आहे. संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत आहे आणि साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच या वेळात उघडे असते.

कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांपैकी थोड्याच वस्तू एका वेळी मांडलेल्या असतात. संग्रहालयाला नाव आहे ते त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे. आईबापांनी हे ठाऊक असताना दालनांतून चालणे आणि ठाऊक नसताना चालणे यांत फरक पडतो, मला तरी पडला.

इथली चूक म्हणजे सगळी दालने क्रमाने पाहण्याचा प्रयत्न. मजले बरेच आहेत, जिने चढून-उतरून मुले दमतात आणि तिसऱ्या दालनानंतर ‘घरी कधी जायचे’ सुरू होते. त्याऐवजी शोधायच्या वस्तूंची छोटी यादी मुलांच्या हातात द्या. आमची यादी अशी असते : प्राण्याच्या आकाराचा अडकित्ता, पाय घासायची वज्री, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवा, कळसूत्री बाहुली, आणि तुळशीबागेत पाहिलेल्या एखाद्या भांड्याचा थोरला भाऊ. अडकित्त्यांच्या कपाटापुढे आम्ही एकदा पंचवीस मिनिटे काढली. सुपारी कातरण्याच्या साध्या अवजाराला कारागिरांनी घोड्यांचे, माणसांच्या जोडप्यांचे आकार दिले आहेत, आणि ते उघडले-मिटले की आकृत्या एकमेकींजवळ येत असतील हे मुले काचेवर नाक टेकवून हातांनी करून दाखवत होती. सुपारी म्हणजे काय, हे मात्र आधी समजावून सांगावे लागले.

कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महालही मुलांना दाखवा. नुकतीच प्यायलेली मस्तानी आणि ही मस्तानी एकच का, असा प्रश्न हमखास येतो.

छायाचित्रांसाठी वेगळे शुल्क असू शकते, ते तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. धाकटे मूल खांद्यावर झोपले तर एकाने खाली बसावे आणि दुसऱ्याने मोठ्या मुलाबरोबर वर जावे. दोघांनी मिळून झोपलेले मूल मजल्यामजल्यांवर मिरवण्यात अर्थ नाही. दीड तास भरपूर झाला.

१०. संध्याकाळ : सारसबाग

महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, म्हणून चारच्या आधी इथे पोहोचून उपयोग नाही. संग्रहालयापासून रिक्षा करा, चालवू नका. मुलांच्या पायांतली शक्ती आता धावण्यासाठी हवी आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले आणि त्यातल्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपतीची स्थापना केली, म्हणून हा ‘तळ्यातला गणपती’. आता तळ्याच्या जागी बाग आहे आणि मंदिराभोवती पाणी. हिवाळ्यात गेलात तर या छोट्याशा मूर्तीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली दिसेल. आपली टोपी काढून फेकणारा आमचा धाकटा ते पाहून निमूटपणे टोपी घालून बसला.

शेजारच्या पेशवे उद्यानातली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी १९५६ पासून पुण्याच्या मुलांना फिरवते आहे. पण ती दुरुस्तीसाठी बंद असण्याची शक्यता असते, म्हणून मुलांना आधी कबूल करू नका. चालू असली तर अनपेक्षित लाभ समजावा. बागेबाहेरच्या चौपाटीवर भेळ किंवा पावभाजी खाऊन अंधार पडण्यापूर्वी स्वारगेट स्थानकाकडे निघावे. ऑफिसातून परतणाऱ्यांची गर्दी वाढण्याआधी मेट्रोत बसायला जागा मिळते.

११. त्याच दिवशी काय करू नये

पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या सारसबागेतून खुणावतात, पण संध्याकाळी दमलेल्या मुलांना त्या चढवू नका. पर्वती सकाळसाठी ठेवा. पायऱ्या रुंद आणि बेताच्या उंचीच्या आहेत, आणि चार वर्षांचे ताजेतवाने मूल त्या सहज चढते. आगाखान पॅलेस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई १९४२ पासून तिथे स्थानबद्ध होते, आणि कस्तुरबा व महादेवभाई यांच्या समाध्याही तिथेच आहेत. ती जागा आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर, निवांतपणे पाहावी. सिंहगडाला तर पूर्ण दिवसच द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दोनच तास हाताशी असतील, तर जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे निवडा. आठव्या शतकातले हे लेणे अखंड खडकात कोरलेले असून समोरचा नंदीमंडप चक्क गोल आहे. आवारात झाडांची सावली आहे आणि खांबांमागे लपायला जागाही भरपूर आहे. लेण्यात जोडे काढून जावे लागते, फरशी उन्हात तापते, म्हणून मुलांना मोजे घालून न्या.